वस्तीत भाजीवाटप केंद्र सुरू करण्याआधी

आठवड्यातून एकदा थेट शेतकऱ्याकडून भाजी आणून पुण्यातल्या जनता वसाहतीसारख्या वस्तीत रास्त दरात द्यायची असं ठरवलं असेल, तर टेम्पो ठरवण्याआधी वही उघडा. कोणत्या घराला किती कांदे, किती बटाटे, मेथीच्या किती जुड्या लागतील हे दोन-तीन दिवस आधी दारोदार विचारून लिहून घ्या. केंद्र चालतं ते या वहीवर. माल केंद्रावर जितका कमी वेळ थांबेल तितका तो चांगल्या अवस्थेत घरी पोहोचतो, आणि कुठे किती जायचं हे आधीच ठरलेलं असेल तरच तो थांबत नाही. एकादशीच्या आठवड्यात रताळी, श्रावणात पालेभाजी जास्त लागते. गेल्या आठवड्याचा आकडा तसाच पुढे उचलू नका.

मग माल कुठून घ्यायचा ते ठरवा. कांदा-बटाट्यासाठी चाकण, टोमॅटोसाठी नारायणगाव, हंगामात मटार नि सीताफळांसाठी पुरंदर. फळे-भाजीपाला २०१६ मध्ये नियमनमुक्त झाल्यापासून शेतकरी बाजार समितीच्या आवाराबाहेरही थेट विकू शकतो, त्यामुळे गावातल्या शेतकरी गटाशी बोलणं सोपं झालं आहे. तरी एका गावात सगळं पिकत नाही. उरलेलं गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून भरून काढावं लागतं. तिथला फळे-भाजीपाला विभाग शनिवारी बंद असतो आणि रविवारी सर्वाधिक आवक होते, म्हणून वाटपाचा वार हे पाहूनच निवडा. यार्डातले भाव फळभाज्यांना दहा किलोचे आणि पालेभाज्यांना शेकडा जुड्यांचे असतात. वस्तीत दर सांगण्याआधी ते किलोवर आणि जुडीवर आणा, त्यात हमाली, तोलाई आणि टेम्पोभाडं मिळवा.

घट कोणाची, हे पहिल्या खेपेआधीच बोलून घ्या. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा. बांधावर भरलेलं वजन केंद्रावर तेवढंच भरत नाही. पालेभाजीतलं पाणी उडतं, टोमॅटो तळाशी दबतात, कांद्यावरची माती आणि सुटी साल गळते. हा फरक शेतकऱ्याच्या पट्टीतून, म्हणजे त्याला मिळणाऱ्या पैशांतून, कापला तर दोन-तीन खेपांत तो माल देणं बंद करील, आणि त्याचं बरोबरच असेल. माल जिथे भरला तिथेच वजन करून तिथेच पावती द्या, पैसे त्याच दिवशी द्या. वाटेतली घट केंद्राची धरून ती दरात आधीच मोजा. पालेभाजी मात्र जुडीवरच घ्या आणि जुडीवरच द्या.

पालेभाजी संध्याकाळी काढून पहाटे पोहोचेल अशी वेळ धरा. चाकणच्या कोंडीत गाडी अडकली की हिशेब कोलमडतो, म्हणून तिकडची गाडी उजाडायच्या आत निघायला हवी. टोमॅटो गोणीत नको, क्रेटमध्येच. ओली पालेभाजी कांद्याला लागू देऊ नका. पावसाळ्यात ताडपत्री हवीच, पण वारा खेळेल अशी बांधा.

जागा सावलीची, पाण्याचा नळ असलेली बघा. एका बाजूने माल उतरेल, दुसऱ्या बाजूने पिशव्या बाहेर पडतील अशी मांडणी करा. इलेक्ट्रॉनिक काट्यावर दरवर्षी वैधमापन विभागाचं पडताळणीचं शिक्कामोर्तब लागतं. नफा घेत नसलात तरी अन्न व्यवसाय नोंदणीची चौकशी करा, कारण कायदा नफ्याचा आणि बिननफ्याचा असा भेद करत नाही. काट्यापाशी वस्तीतल्याच दोन बायका बसवा. लोक त्यांना ओळखतात, वजनावर शंका आली तर बिनधास्त विचारतात. ओझी उचलणाऱ्यांची मजुरी ठरवूनच द्या, स्वयंसेवेच्या नावाखाली फुकट उचलायला लावू नका. हमाल पंचायत या हमालांच्या संघटनेची ‘कष्टाची भाकर’ ही खानावळ कष्टकऱ्यांना स्वस्तात जेवण पुरवते. कमी दर आणि पुरती मजुरी यांचा मेळ कसा बसतो हे समजून घ्यायला तिथे जाऊन बसा.

शेवटी उरलेला माल. जवळच्या वसतिगृहाच्या किंवा अंगणवाडीच्या स्वयंपाकघराशी आधीच बोलून ठेवा. वाटप संपलं की तासाभरात चांगली भाजी तिकडे जाऊ द्या. खराब झालेली वेगळी काढून तिचं वजन वहीत लिहा, कारण पुढच्या आठवड्याची मागणी शेतकऱ्याला कळवताना हाच आकडा लागणार आहे.