डिजिटल मोडची फ्रिक्वेन्सी सांगताना नेमकं काय सांगायचं

‘उद्या सकाळी आठला चौदा सत्तरवर ये’ एवढ्या निरोपावर हॅम म्हणजे हौशी रेडिओवर पीएसके३१ ची (संगणकावर टाइप करून बोलायचा एक डिजिटल मोड) भेट ठरवली की ती बरेचदा हुकते. सांगणाऱ्याच्या रिगवर (रेडिओ संचावर) १४.०७० मेगाहर्ट्झ दिसतंय, आणि वॉटरफॉलवर (संगणकावरच्या सिग्नलच्या चित्रपट्टीवर) त्याची खूण १८०० हर्ट्झवर आहे. म्हणजे हवेत जाणारा सिग्नल १४.०७१८ वर. ऐकणारा १४.०७० हीच सिग्नलची जागा समजतो, डायल १४.०६९ ला ठेवतो आणि १००० हर्ट्झपाशी शोधत बसतो. तो सिग्नल त्याच्याकडे २८०० हर्ट्झवर पडेल, आणि साध्या एसएसबी (एकाच साइडबँडच्या) फिल्टरची हद्द २७०० च्या आसपास संपते. अँटेना बरी, बँड उघडा, दोघंही वेळेवर हजर, तरी भेट नाही.

एसएसबी रिगमधून डिजिटल मोड चालवताना हवेतली फ्रिक्वेन्सी दोन आकड्यांतून बनते: रिगवर दिसणारा डायल आणि वॉटरफॉलवरचा ऑडिओ. यूएसबी (वरचा साइडबँड) असेल तर डायल अधिक ऑडिओ, एलएसबी (खालचा) असेल तर डायल वजा ऑडिओ. म्हणून निरोपात डायल, साइडबँड, ऑडिओ आणि मोड ही चारही हवीत. एफटी८ किंवा एफटी४ (ठरावीक सेकंदांच्या पाळ्यांनी चालणारे मोड) असेल तर पाळीही सांगा. लिहायची सोपी रीत अशी:

१४.०७०० मेगाहर्ट्झ डायल, यूएसबी, ऑडिओ १००० हर्ट्झ, पीएसके३१, ०२:३० यूटीसी (सकाळी ८:००)

७.०७४० मेगाहर्ट्झ डायल, यूएसबी, ऑडिओ १२५० हर्ट्झ, एफटी८, मी सम पाळीत

एफटी८ ची सम पाळी म्हणजे मिनिटाच्या ०० आणि ३० सेकंदाला सुरू होणारी, विषम म्हणजे १५ आणि ४५ ची. आपली घड्याळं यूटीसीच्या (जागतिक वेळेच्या) साडेपाच तास पुढे असली तरी पाळीत घोळ होत नाही. सेकंद तेच राहतात. डब्ल्यूएसपीआरची (कमी ताकदीचा सिग्नल कुठवर जातो ते पाहायचा, सम मिनिटाला सुरू होणारा मोड) सम मिनिटंही समच राहतात, कारण ३० ही समच संख्या. घोळ होतो तो संगणकाचं घड्याळ दोन-तीन सेकंद मागंपुढं असल्यानं. गावात नेट गेलं की ते हळूहळू सरकतं. संगणकाच्या यूएसबी पोर्टला लावायचा जीपीएस रिसीव्हर जवळ असला तर नेटची गरज उरत नाही.

‘डायल’ हा शब्द गाळू नका. आख्ख्या निरोपात सगळ्यात जास्त काम तोच करतो.

तोंडी सांगताना

फोनवर किंवा रिपीटरवर (सिग्नल पुन्हा पुढे पाठवणाऱ्या केंद्रावर) सांगायचं असेल तर आकडे सुटे बोला: ‘एक चार, दशांश, शून्य सात चार शून्य’. ‘सात चौऱ्याहत्तर’ म्हटलं की नवखा हॅम ७.०७४ लिहील की ७.७४, याचा भरवसा नाही. साडे, सव्वा, पावणे तर इथे नकोच. वायगाव किंवा आर्वीच्या बाजारात ते ठीक. एकक आधी ठरवा आणि शेवटपर्यंत तेच धरा: १४.०७४० मेगाहर्ट्झ किंवा १४०७४.० किलोहर्ट्झ. ऐकणाऱ्याकडून आकडा परत म्हणवून घ्या.

साइडबँड

चाळीस आणि ऐंशी मीटरवर बोलायला एलएसबी, ही सवय हाडात भिनलेली असते. डिजिटलमध्ये मात्र एफटी८, एफटी४, डब्ल्यूएसपीआर, जेएस८ हे सगळे प्रत्येक बँडवर यूएसबीतच चालतात. ७.०७४ वर चुकून एलएसबी राहिलं तर १२५० हर्ट्झचा सिग्नल ७.०७५२५ ऐवजी ७.०७२७५ वर जातो. जागा अडीच किलोहर्ट्झनं चुकते आणि टोनचा क्रमही उलटा होतो, त्यामुळे तो कोणाकडेच डिकोड होत नाही. पीएसके३१ चा नेहमीचा बीपीएसके प्रकार उलट्या साइडबँडवरही वाचता येतो. चूक लपून राहते ती त्यामुळेच. गप्पा होतात, पण सांगितलेली फ्रिक्वेन्सी खोटी असते.

हेच गणित बोलणाऱ्यांनाही लागू. एलएसबीत डायल ७.०७७ वर ठेवून बोललं की आवाज साधारण ७.०७४३ ते ७.०७६७ एवढ्या पट्ट्यात पसरतो, म्हणजे एफटी८ च्या बरोबर डोक्यावर. पडद्यावर ७.०७४ दिसत नाही म्हणून आपण बाजूला आहोत, असा समज होतो. सकाळच्या गप्पांसाठी डायल ७.०७४ च्या खाली किंवा ७.०८४ च्या वर ठेवा, म्हणजे ७.०७८ चं जेएस८ पण मोकळं राहील.

बँडच्या कडेलाही हाच हिशेब करा. आपल्याकडे चाळीस मीटर ७.२०० ला संपतो. यूएसबी डायल ७.१९८५ आणि ऑडिओ २००० म्हणजे ७.२००५. पडद्यावर सगळं कायदेशीर दिसतं, सिग्नल बाहेर गेलेला असतो.

नेहमीचे डायल

खालचे सगळे आकडे यूएसबी डायलचे, मेगाहर्ट्झमध्ये. एफटी८: ३.५७३, ७.०७४, १०.१३६, १४.०७४, १८.१००, २१.०७४, २४.९१५, २८.०७४. एफटी४: ७.०४७५, १०.१४०, १४.०८०, २१.१४०, २८.१८०. डब्ल्यूएसपीआर: ७.०३८६, १०.१३८७, १४.०९५६, २१.०९४६, २८.१२४६. आपल्या परवान्याच्या वर्गाला कोणता बँड आणि किती वॉट, ते परवान्यावर पाहून मगच वापरा.

डब्ल्यूएसपीआरचे आकडे विचित्र वाटतात, कारण सिग्नल ऑडिओच्या १४०० ते १६०० हर्ट्झमध्येच पडावा अशी मांडणी आहे. १४.०९५६ डायल म्हणजे हवेत १४.०९७० ते १४.०९७२. कोणी ‘१४.०९७१ वर डब्ल्यूएसपीआर’ म्हणालं तर ती हवेतली फ्रिक्वेन्सी. ती डायलवर लावली की काहीच दिसणार नाही.

ऑडिओचा आकडा कशाचा, हेही मोडगणिक बदलतं. एफटी८ चे आठ टोन ६.२५ हर्ट्झच्या अंतरानं ५० हर्ट्झ व्यापतात, आणि डब्ल्यूएसजेटी-एक्स हे सॉफ्टवेअर त्यातल्या सर्वांत खालच्या टोनचा आकडा दाखवतं. एफएलडिजी या सॉफ्टवेअरमध्ये पीएसके किंवा ऑलिव्हिया मोडची खूण सिग्नलच्या मधोमध असते. ऑलिव्हियावाले केंद्राचीच फ्रिक्वेन्सी सांगतात: १४.०७२५ केंद्र, ८/२५० म्हणजे डायल १४.०७१० आणि ऑडिओ १५००. टोनांची संख्या आणि रुंदी (८/२५०) सांगितली नाही तर ऐकणारा पर्याय चाचपत बसतो.

आरटीटीवायची (रेडिओ टेलिटाइपची) परंपरा आणखी वेगळी. तिथे दोन टोनांपैकी मार्क टोनची हवेतली फ्रिक्वेन्सी सांगतात. साउंडकार्डवरून एलएसबीत चालवताना मार्क २१२५ आणि स्पेस २२९५ हर्ट्झ असतो, फरक १७० चा. डायल १४.०८५० असेल तर मार्क १४.०८२८७५. रिगच्या स्वतःच्या आरटीटीवाय मोडमध्ये पडदा बहुधा थेट मार्क दाखवतो. म्हणजे शेजारी ठेवलेल्या दोन रिगवर दोन किलोहर्ट्झचा फरक दिसेल आणि दोन्ही बरोबर असतील. ‘मार्क’ की ‘डायल’, तेवढं लिहा.

विनलिंकच्या (रेडिओवरून ईमेल पाठवायच्या सेवेच्या) गेटवे यादीत केंद्र फ्रिक्वेन्सी असते आणि डायल तिच्या १.५ किलोहर्ट्झ खाली ठेवावा लागतो. पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा रस्ता तुटतो, अशा वेळेसाठी स्टेशन तयार ठेवणाऱ्यांनी केंद्र आणि डायल हे दोन्ही रकाने मोठ्या अक्षरात लिहून रिगच्या वर चिकटवून ठेवावेत. घाईत १.५ वजा करायला लावू नये कोणाला.

पडदा एक, हवेत दुसरंच

डब्ल्यूएसजेटी-एक्समध्ये ‘स्प्लिट’ला ‘रिग’ किंवा ‘फेक इट’ लावलेलं असेल तर प्रसारणाच्या वेळी डायल आपोआप सरकतो. ऑडिओ १५०० ते २००० हर्ट्झमध्ये राहिला की त्याच्या दुप्पट-तिप्पट पटींची घाण फिल्टरच्या बाहेर पडते, म्हणून ही सोय. उदाहरणार्थ १४.०७४ आणि ६०० हर्ट्झ निवडलं तर प्रसारणात रिग १४.०७३ दाखवेल आणि ऑडिओ १६०० जाईल. हवेत १४.०७४६ च. त्या क्षणी रिगकडे पाहून कोणाला आकडा सांगू नका, सॉफ्टवेअरमधला सांगा.

उलट, रिग आणि संगणक कॅट केबलनं (रिगचं नियंत्रण संगणकाकडे देणाऱ्या) जोडलेले नसतील तर सॉफ्टवेअरवर अजिबात विसंबू नका. ‘रिग: नन’ असेल तर यादीतून जे निवडलं तेच तिथे दिसत राहतं. रिग ७.०७४ वर आणि सॉफ्टवेअर १४.०७४ वर, असं झालं की पीएसके रिपोर्टर या संकेतस्थळावर तुमच्या नावानं भलत्याच बँडचे रिपोर्ट चढतात आणि लॉगही खोटा होतो.

शंभर-दोनशे हर्ट्झचा फरक येत असेल तर आधी आरआयटी तपासा. तो चुकून चालू राहिला की तुमचं ऐकणं सरकतं, प्रसारण जागेवरच राहतं. समोरच्याला तुम्ही नीट दिसता आणि तुम्हाला तो सरकलेला दिसतो.

दहा-वीस हर्ट्झचा फरक असेल तर तो बहुधा रिगच्या ऑसिलेटरचा. पडताळायला रात्री चीनचं बीपीएम हे वेळ सांगणारं स्टेशन १० मेगाहर्ट्झवर घ्या. अमेरिकेचं डब्ल्यूडब्ल्यूव्हीएच कानावर आलं तरी चालेल, वाहक लहर दोघांचीही अचूक. यूएसबीत डायल ९.९९९००० ठेवा. वॉटरफॉलवर रेघ नेमकी १००० हर्ट्झवर हवी. ती १०१२ वर दिसली तर रिग १२ हर्ट्झ खाली चालतोय, म्हणजे दहा लाखांत १.२. हीच चूक १४.०७४ वर १७ हर्ट्झ आणि २८.०७४ वर ३४ हर्ट्झ होते. आकाशवाणी नागपूरच्या ५८५ किलोहर्ट्झवर ही तपासणी करू नका: तिथे एवढ्या चुकीचा एक हर्ट्झही होत नाही, दिसणार काय? बिटएक्स घराण्यातल्या किट रिगमध्ये अशी दुरुस्ती मेनूतून करता येते. एक-दीड हर्ट्झसाठी जीव काढू नका, आयनमंडलच तेवढं हलवतं.

एफटी८ ला १७ हर्ट्झनं काही बिघडत नाही. डब्ल्यूएसपीआरला बिघडतं, कारण पट्टाच २०० हर्ट्झचा. त्यात मे महिन्यात टिनाच्या छपराखाली ४५-४६ अंशांत रिग ठेवला, आणि आत तापमान भरपाईचा ऑसिलेटर नसला, की सिग्नल चालता चालता घसरतो. रिपोर्टमध्ये ड्रिफ्टच्या रकान्यात ० च्या जागी -१, -२ येऊ लागलं की ओळखा. रिग वीस-तीस मिनिटं आधी चालू ठेवा, कूलरचा झोत थेट त्यावर सोडू नका, आणि ऑडिओ कडेला न ठेवता १५०० वर ठेवा. भारनियमनात बॅटरीवर चालवताना व्होल्टेजही बघा. १३.८ व्होल्टच्या रिगला प्रसारणात ११.७ पेक्षा कमी मिळालं की सिग्नल फाटतो आणि शेजारच्या ऑडिओवर पसरतो. लोक म्हणतात फ्रिक्वेन्सी चुकली.

वॉटरफॉलवर दर सेकंदाच्या आसपास या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी रेघ उमटत असेल तर ते रानडुकरांसाठी लावलेलं झटका मशीन. तारेला टेकलेलं गवत किंवा पऱ्हाटी ठिणगी पाडते. ही रेघ सगळ्याच ऑडिओवर असते, त्यामुळे ६०० वरून १८०० वर पळून उपयोग नाही. भेटीची ठरलेली फ्रिक्वेन्सी तीच ठेवा आणि तारेखालचं गवत काढा.

लॉग आणि स्पॉट

डब्ल्यूएसजेटी-एक्स एडीआयएफ लॉगमध्ये डायल अधिक ऑडिओ लिहितं, उदाहरणार्थ १४.०७५२५०. त्याच्याच ऑल.टीएक्सटी फाइलमध्ये डायल वेगळा आणि ऑडिओ वेगळा असतो. हातानं वही लिहिणाऱ्यांनी दोन्हींपैकी एक पद्धत धरावी आणि पहिल्या पानावर ती नोंदवावी. क्लस्टरवर (कोण कुठे ऐकू आलं ते कळवायच्या यादीवर) एफटी८ चा स्पॉट टाकताना डायल टाका, ऑडिओ शेऱ्यात लिहा. फॉक्स-हाउंड पद्धतीच्या (एक स्टेशन, फॉक्स, अनेकांना एकदम उत्तर देतं अशा) मोहिमा नेहमीच्या १४.०७४ वर नसतात. त्यांचा जाहीर केलेला डायल घ्या आणि हाक १००० हर्ट्झच्या वर द्या, खालची जागा फॉक्सची.

व्हीएचएफवर एफएममधून पॅकेट किंवा एपीआरएस (माहितीचे तुकडे पाठवायचे मोड) चालवताना यातलं काही लागत नाही. टोन बदलला तरी वाहक लहर जागेवरच असते, म्हणून एकच आकडा पुरतो. अवकाशस्थानकाचं पॅकेट १४५.८२५ वर येतं. डॉप्लरमुळे ते येताना सुमारे साडेतीन किलोहर्ट्झ वर आणि जाताना तेवढंच खाली ऐकू येतं, तरी सांगायचं १४५.८२५ च. रिपीटर असेल तर त्याचा आउटपुट, शिफ्ट आणि टोन हे तिन्ही, याच क्रमानं.