मुळापासून विचार करायला बसण्याआधीची तयारी

मुळापासून विचार म्हणजे ‘असंच चालतं’ हे बाजूला ठेवून, खरोखर अटळ काय आहे तिथून सुरुवात करणं. त्यासाठी आधी प्रश्न एका वाक्यात, आकड्यासह लिहून घ्या. ‘माल उशिरा जातो’ ही नुसती तक्रार झाली. ‘ऑर्डर नोंदवल्यापासून माल गाडीत चढेपर्यंत ९ दिवस लागतात, ३ हवेत’ हा प्रश्न. त्या वाक्यात ‘नवं सॉफ्टवेअर हवं’ असा उपाय घुसला असेल तर तो खोडा.

मग शेवटच्या २० ऑर्डरी काढा, सलग. सोयीच्या तेवढ्या वेचू नका. प्रत्येकीत प्रत्यक्ष कामाचा वेळ वेगळा मांडा आणि माल नुसता पडून राहिल्याचा वेगळा. अहवालावर विसंबू नका, काम चालतं तिथे उभं राहून घड्याळ लावा. बहुतेक दिवस वाट पाहण्यातच गेलेले दिसले, तर माणसांना घाई करून काही हाती लागणार नाही. कामं अनियमित येत असतील आणि प्रत्येकाला लागणारा वेळही तसाच कमीजास्त असेल, तर रांगेचं साधं गणित असं: मशीन ८० टक्के वेळ गुंतलेलं असताना सरासरी खोळंबा एका कामाच्या वेळेच्या ४ पट, ९० टक्क्यांवर ९ पट. म्हणजे ‘मशीन रिकामं राहता कामा नये’ हा नियमच उशिराचं मूळ असू शकतो.

आता कागदावर चार रकाने: निसर्गनियम, कायदा, करार, सवय. कामाबद्दल जे जे धरून चाललो आहोत ते प्रत्येक गृहीतक यातल्या एका रकान्यात टाका आणि पुढे ते कोणी आणि कधी ठरवलं ते लिहा. ‘पहिल्यापासून असंच आहे’ असं उत्तर आलं की रकाना चौथा. करारापुढे मुदत संपण्याची तारीखही हवी.

प्रश्न खर्चाचा असेल तर कच्च्या मालाचं वजन गुणिले दर हा तळ धरा आणि वर नासधूस, वीज, मजुरी, तपासणी, वाहतूक एकेक करून चढवा. फसगत बहुधा इथेच होते: तळाच्या आकड्यालाच लोक गाठता येणारी किंमत समजतात. तळ आणि आजचा खर्च यांच्या मधली रक्कम नेमकी कशाची, हे सापडलं पाहिजे. अमेरिकेतले ट्रक-वाहतूक व्यावसायिक माल्कम मॅक्लीन यांनी १९५६ मध्ये कंटेनर बोटीवर चढवले, तेव्हा वाचला तो बंदरावरच्या चढ-उताराचा खर्च. सुटा माल चढवायला टनाला सुमारे ६ डॉलर लागत, ते १६ सेंटवर आले.

बैठकीला पाचांहून जास्त माणसं नकोत, पण रोज ते काम करणारा एक जण हवाच. साहेबांनी शेवटी बोलावं.

निघालेला उपाय एकाच मालावर दोन आठवडे चालवा. कोणता आकडा दिसला की मागे फिरायचं, ते सुरू करण्याआधीच लिहून त्यावर सह्या घ्या.