पाठदुखी घेऊन डॉल्फिन बघायला निघालात? या चुका टाळा

मालवण-तारकर्लीला डॉल्फिन बघून आलेला माणूस उरलेली सुट्टी खोलीवर आडवा पडून काढत असेल, तर दोष बहुतेक वेळा समुद्राचा नसतो. बोटीतली जागा चुकलेली असते, नाहीतर चढता-उतरताना घाई झालेली असते. जुनी कंबरदुखी किंवा सायटिका असलेल्या बऱ्याच जणांना ही फेरी जमते. पण दर हंगामात लोक त्याच त्याच चुका करतात, आणि त्यातल्या दोन तर अगदी कौतुकाने करतात.

पहिली चूक : मानाची जागा

प्रसंग ठरलेला. तारकर्लीशेजारच्या देवबागला सहा-आठ जणांचं कुटुंब बोटीत चढतं. घरातले सगळ्यात मोठे म्हणून आजोबांना आग्रह होतो, "तुम्ही पुढे बसा, तिथून छान दिसेल." आजोबा नाळेजवळच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाच्या फळीवर जाऊन बसतात. कर्ली नदीच्या शांत पाण्यात दहा मिनिटं सगळं झकास असतं. मग संगम येतो. खाडीच्या तोंडाशी वाळूचा उथळ पट्टा असतो, त्यावर लाट उभी राहते. बोट लाटेवर चढते, पुढचा भाग हवेत जातो आणि धप्पकन आपटतो. पहिल्या दणक्याला सगळे हसतात. दुसऱ्याला आजोबा हसत नाहीत.

कारण साधं आहे. लाटेवर बोट जिथे तोलते, तो भाग मध्याच्या थोडा मागे असतो. तिथून जितकं पुढे बसाल, तितका झोका मोठा आणि आपटणं जोराचं. टेकून बसलेल्या माणसाचे पाय हा दणका झेलत नाहीत. तो फळीतून थेट माकडहाडावर आणि तिथून मणक्यांवर जातो. हाडं ठिसूळ झालेली असतील तर एवढ्यानेही मणका चेपू शकतो. वेगाच्या बोटींत पुढे बसलेल्या धडधाकट माणसांचेही मणके असे चेपलेले आहेत.

म्हणून मधल्या फळीच्या मागे, तांडेलाच्या (बोट चालवणाऱ्याच्या) पुढची एक फळी धरायची. इंजिनाचा आवाज आणि धूर सोसायचा. ६ मिलिमीटरची योगा मॅट चार घड्या करून बुडाखाली घ्यायची; हॉटेलचा टॉवेल भिजला की त्याचा काही उपयोग नाही. फळी बुटकी असते, त्यामुळे गुडघे कमरेच्या वर येतात आणि पाठ आपोआप वाकते. मॅटची उंची इथेही कामी येते. लाट येताना दिसली की समोरची फळी दोन्ही हातांनी धरून बूड बोटभर उचलायचं, म्हणजे धक्का मांड्या घेतात. निघण्याआधीच तांडेलाला सांगायचं : "दादा, पाठीचा त्रास आहे, संगमावर हळू घ्या." तो हळू घेतो. कुणी सांगतच नाही, ही अडचण आहे.

दुसरी चूक : पंचांग न बघता बोट ठरवणं

हसू नका. कोकणातला जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता भरती. अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला अकरा-सव्वाअकरा. ओहोटी त्याच्या सहा तास आगेमागे. म्हणजे पौर्णिमेला किंवा अमावास्येला सकाळी सातची बोट घेतली, तर पाणी अजून बरंच खाली असतं, आणि उधाणामुळे चढ-उताराचा फरकही मोठा. धक्क्यावरून बोटीत उतरायचं म्हणजे जवळजवळ उडीच. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, फरक कमी, आणि सकाळी भरती. पाठ दुखत असेल तर तारीख अष्टमीच्या बाजूची धरावी.

किनाऱ्यावरून चढायचं असेल तर आणखी वाईट. गुडघाभर पाण्यात बोट हलत असते, आपण काठावर पोट टेकवून स्वतःला वर खेचतो, पाय मागे लोंबकळतात. नेमकी इथेच उसण भरते. तारकर्लीच्या उघड्या किनाऱ्यापेक्षा देवबागच्या नदीकडच्या बाजूने चढणं सोपं. शिडी मागा. शिडी नसेल तर काठाकडे पाठ करून आधी बसा, मग दोन्ही पाय एकत्र उचलून सगळं अंग एकदम वळवा. मागचे लोक ताटकळले तर ताटकळू द्या.

उठलं की निघालं

समुद्र सकाळी शांत असतो. दुपारकडे वारा सुटतो आणि पाणी खवळतं. त्यामुळे सकाळचीच बोट बरोबर. पण पाठ नेमकी तेव्हाच सगळ्यात ताठ असते, कारण रात्रभर आडवं राहिल्याने मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. उठल्यावर पहिला तासभर वाकणं महागात पडतं. सातच्या बोटीसाठी साडेपाचला उठा आणि अर्धा तास वाळूवर चाला, ओल्या आणि घट्ट वाळूवर. पुण्याहून आठ-नऊ तास गाडी हाणून पोहोचलेल्यांनी दुसऱ्याच दिवशी पहाटेची बोट घेऊ नये. एक दिवस पाठीला द्यावा, मासे खावेत.

"तो बघा, तो बघा!"

ओरडा झाला की सगळे कमरेतून पिळवटतात, वर हातात मोबाईल. इथे दिसणारा, पाठीवर उंचवटा असलेला डॉल्फिन, म्हणजे कोळ्यांचा गादा, उथळ पाण्यात फिरतो आणि काही मिनिटांत पुन्हा श्वासाला वर येतो. घाई कसली? आधी पाय वळवा, मग बूड, मग मान. तांडेलाला "जवळ घ्या, जवळ घ्या" करून पाठलाग करायला लावू नका. डॉल्फिन १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला छळणं गुन्हा आहे. शिवाय त्या वळणा-वळणांनी तुमचीच कंबर मोडते. इंजिन मंद ठेवून थांबलं की तो बऱ्याचदा आपणहून दिसतो.

बाकीच्या चुका थोडक्यात. कंबरपट्टा कचकचून बांधू नका, उलटीची भावना वाढते. बोट लागू नये म्हणून घ्यायची गोळी बोटीत बसल्यावर नाही, तासभर आधी; तिने गुंगी येते, म्हणून इतर औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारून. वेदनाशामक गोळी घेऊन "आता काही होत नाही" म्हणत उड्या मारणारे संध्याकाळी भेटतात. स्नॉर्केलिंगमध्ये पालथं तरंगताना कंबर मागे वाकते, म्हणून पोटाखाली रिंग घ्या आणि दहा मिनिटांत बाहेर या. वर येताना ओल्या अंगाचं वजन हातांनी खेचू नका, शिडीवर पाय रोवा.

नुकतीच मणक्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी किंवा हाडं ठिसूळ असल्याचं निदान झालेल्यांनी डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय बोटीत पाय ठेवू नये. आणि फेरीनंतर मांड्यांच्या मध्ये बधिरपणा आला, लघवीवरचा ताबा सुटला, पाऊल उचलेना किंवा दणक्यानंतर पाठीत एका जागी तीव्र कळ राहिली, तर तेल चोळत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.