भूकंपानंतरचा तात्पुरता निवारा: कोकणात या चुका टाळा

कोयनेचा भूकंप झाला 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे. भुजचा 26 जानेवारी 2001 ला. दोन्ही वेळा पाऊस अजून चार-सहा महिने लांब होता. उघड्यावर पडलेल्या माणसांना थंडी सोसावी लागली, पण निवारा उभा करायला सवड मिळाली. ती सवड नेहमी मिळेलच असं नाही. उद्या एप्रिल-मे महिन्यात चिपळूण-संगमेश्वर पट्ट्यात जोराचा हादरा बसला, तर मिरगाला उरतील जेमतेम काही आठवडे. आणि आपल्याकडे पाऊस म्हणजे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या पुढे.

म्हणून तंबू, शेड किंवा कंटेनर जे काही उभं करायचं असेल, ते किमान एक पावसाळा काढणार आहे असं धरूनच करा. 'तात्पुरतं' म्हटलं की हात सैल सुटतो, आणि पुढच्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात. किल्लारीच्या भूकंपानंतर 52 गावं नव्या जागी वसवली, ती बांधून होईपर्यंत लोक पत्र्याच्या शेडमध्येच होते. जपानात कायद्याने तात्पुरत्या घरांची मुदत साधारण दोन वर्षांची, पण 1995 च्या कोबे भूकंपानंतर शेवटची कुटुंबं तिथून बाहेर पडायला पाच वर्षं गेली. आपली यंत्रणा जपानपेक्षा चपळ आहे असं कुणाला वाटत असेल तर वाटो.

सपाट जागा दिसली की घेतली

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. कोकणात सपाट जमीन मिळते तीन ठिकाणी: खाडीकाठी, डोंगराच्या पायथ्याशी आणि सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर. पहिल्या दोन सोयीच्या असतात, रस्ता जवळ, पाणी जवळ. म्हणून पहिली नजर तिथेच जाते.

जपानच्या नोटो द्वीपकल्पात काय झालं ते आपण नीट बघायला हवं, कारण तो भाग पुष्कळसा आपल्यासारखा आहे. एका बाजूला समुद्र, मागे डोंगर, सपाट जमिनीची वानवा. 1 जानेवारी 2024 ला तिथे मोठा भूकंप झाला. तात्पुरती घरं चांगली बांधली, पण जागाच नाही म्हणून त्यातली काही वसाहत पूररेषेतल्या सखल जमिनीवर झाली. सप्टेंबरात अतिवृष्टी झाली आणि वाजिमा परिसरातली भूकंपग्रस्तांची तीच घरं पाण्यात गेली. नऊ महिन्यांत दुसऱ्यांदा संसार चिखलात. तुर्कस्तानातही 2023 च्या फेब्रुवारीतल्या भूकंपानंतर सव्वा महिन्यात पूर आला आणि तंबू-कंटेनरमधली माणसं दगावली.

खाजणाच्या, म्हणजे खाडीलगतच्या दलदलीच्या, कडेला, वहाळाच्या वळणावर, भाताच्या मळ्यात वसाहत टाकू नका. मळा मे महिन्यात कडकडीत कोरडा असतो, जुलैत तिथे गुडघाभर पाणी असतं हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही, पण बाहेरून आलेल्या मदत पथकाला सांगावं लागतं. सांगा. 22 जुलै 2021 ला पाणी कुठवर चढलं होतं, हे वाशिष्ठी-सावित्रीच्या काठावरच्या कुणालाही विचारा, भिंतीवरची खूण बोटाने दाखवतील.

डोंगराच्या कुशीतली जागा त्याहून फसवी. भूकंपाने डोंगराला भेगा पडतात. त्या वेळी काही होत नाही, पण पावसाचं पाणी त्या भेगांत मुरलं की कडा सुटतो. तळीये आणि इर्शाळवाडीत भूकंप झाला नव्हता, नुसत्या पावसाने डोंगर खाली आला. हादऱ्याने आधीच खिळखिळ्या झालेल्या उताराखाली माणसं नेऊन बसवणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. जागा ठरवण्याआधी गावातल्या दोन जाणत्या गुराख्यांना घेऊन वरपर्यंत चढा. नवी भेग, तिरकी झालेली झाडं, जिथे पूर्वी नव्हता तिथे फुटलेला झरा, यातलं एक जरी दिसलं तरी ती जागा सोडा आणि तहसीलदारांना लेखी कळवा.

नारळ-पोफळीच्या वाडीत सावली असते म्हणून तिथे तंबू टाकायचा मोह होतो. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन, दिवेआगर, दापोलीकडच्या बागांचं काय झालं ते आठवा. वादळ नसलं तरी झावळ आणि नारळ पडायचा तो पडतोच.

राहिला सडा. उघडा, वाऱ्याचा, पाण्याची बोंब. तरीही बहुतेक वेळा तोच बरा. त्याच्या अडचणी सोडवता येतात.

कातळात खुंटी शिरत नाही, मग दोऱ्या दगडाला गुंडाळल्या

मदतीत येणारे तंबू मातीच्या जमिनीसाठी असतात. सोबतच्या लोखंडी खुंट्या कातळावर ठोकल्या की वाकतात. मग कुणीतरी दोरी जवळच्या दगडाला दोन वेढे देऊन सोडतं. पहिल्या वळवाच्या वाऱ्यात दगड जागेवर राहतो आणि दोरी निसटते.

उपाय साधा आहे. प्रत्येक कोपऱ्याला दोन-तीन चिरे (जांभ्याचे घडीव दगड) एकमेकांत बांधून एक गाठोडं करा. बांधायला जीआय तार घ्या, सुतळी नको, आणि दोरी त्या तारेला अडकवा. चिरे नसतील तर सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत चिखल-खडी भरून तोंड शिवा. पहार आणि वेळ असेल तर कातळात वीतभर भोक पाडून सळई सिमेंटमध्ये बसवा, हे सगळ्यात पक्कं.

ताडपत्रीचे डोळे फाटतात ही दुसरी नेहमीची तक्रार. डोळा फाटला की लोक त्याच्या शेजारी चाकूने नवं भोक पाडतात. तेही फाटतं. त्याऐवजी ताडपत्रीच्या आत लिंबाएवढा गुळगुळीत गोटा ठेवा, बाहेरून ताडपत्री त्याभोवती गोळा करा आणि गोट्याच्या मुळाशी दोरीचा फास आवळा. भोक नाही, फाटणं नाही, आणि पकड डोळ्यापेक्षा जास्त. गोटा नदीतला घ्या. जांभ्याचा खडबडीत तुकडा घेतलात तर तोच ताडपत्री कापतो.

मधोमध पाणी साचून ताडपत्रीची झोळी होत असेल तर उतार कमी आहे. रात्री काठीने पाणी ढकलत बसण्यात अर्थ नाही. आढं, म्हणजे छपराचा मधला उंच वासा, उचला. बारा फूट रुंद खोपीला आढं कडेपेक्षा निदान साडेतीन-चार फूट उंच हवं. शंका आली तर आपल्या जुन्या कौलारू घरांचा उतार डोळ्यांपुढे आणा.

कातळावर भोवती चर खणता येत नाही, म्हणून पाणी थेट आत येतं. खाली खणता येत नाही तर वर उचला: चिऱ्यांचं वीतभर जोतं, त्यावर मुरूम ठोकून, आणि वरच्या अंगाला पाणी वळवायला चिखलाचा बांध. पडलेल्या घरांचे चिरे यालाच वापरावेत. जमल्यास झोपायला खाटा किंवा फळ्या. ढिगाऱ्याजवळ विंचू आणि फुरसं (विषारी साप) हमखास. विंचूदंशावर प्राझोसिन उपयोगी पडतं हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनीच जगाला दाखवून दिलं. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ते आणि सर्पदंशावरचं प्रतिविष आहे ना, हे पहिल्या आठवड्यातच विचारून ठेवा.

पत्रा बसवला, पण वाऱ्याच्या तोंडाला

निसर्ग वादळात उडालेले बरेच पत्रे वाशाला घट्ट होते, वासाच खांबाला बांधलेला नव्हता. खिळे वाढवून हे सुटत नाही. पत्रा रिपेला, रीप वाशाला, वासा खांबाला आणि खांब जमिनीला, अशी साखळी अखंड हवी. प्रत्येक जोडाला तारेचा वेढा द्या आणि खांबांमध्ये तिरकस बांबू मारा. हा तिरकस बांबू भूकंपानंतरच्या हादऱ्यांतही शेड वाचवतो, आणि काटकसर करायची वेळ आली की नेमका तोच गाळला जातो.

जे-हुक किंवा खिळा पत्र्याच्या उंचवट्यावर मारा, खळग्यात मारला की तिथूनच गळणार. खाली डांबरी वॉशर हवाच. पत्र्यावर पत्रा चढवताना उघडी कड पश्चिमेला येऊ देऊ नका, आपला पाऊस तिकडूनच आडवा मारतो. पडवी हवी असेल तर तिचं छप्पर वेगळं करा. उडाली तर पडवी जाईल, घरावरचा पत्रा सोबत नेणार नाही.

दरडीनंतर कंटेनरमध्ये राहिलेल्या तळीयेच्या लोकांनी उकाड्याची तक्रार केली होती, ती अगदी रास्त. बंद पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात दुपारी बसून दाखवावं. पत्र्यावर झाप (विणलेल्या झावळ्या) किंवा सुट्या झावळ्या टाकून वर जाळी बांधली तर तापमान बरंच उतरतं. भिंत आणि छपरामध्ये दोन्ही बाजूंना वीतभर फट ठेवा. मात्र झाप टाकले तर चूल शेडबाहेर, आणि दोन शेडमध्ये निदान दोन मीटर मोकळी जागा.

दहा बाय बारा सगळ्यांना

सगळ्यांना एकाच मापाची खोली दिली की न्याय झाल्यासारखा वाटतो. मदतकार्यात जगभर पाळल्या जाणाऱ्या स्फिअर मानकांनुसार माणशी किमान साडेतीन चौरस मीटर छताखालची जागा लागते, स्वयंपाकाची सोडून. दहा बाय बाराची खोली म्हणजे साधारण अकरा चौरस मीटर, तीन माणसांची. त्यात सहा जणांचं कुटुंब आणि दोन म्हाताऱ्या माणसांचं कुटुंब सारखंच बसवणं हा न्याय नव्हे.

पाणी माणशी दिवसाला 15 लिटर. अडीचशे माणसांना पावणेचार हजार लिटर होतं, म्हणजे पाच हजारांच्या टाकीत भागेल. हादऱ्यानंतर विहिरीचं पाणी गढूळ होतं, कधी पातळीही बदलते. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून, आशाताईंकडून तपासून घेतल्याशिवाय प्यायला नको.

वीस माणसांमागे एक संडास. इथे जांभ्याची एक खोड लक्षात घ्या: तो सच्छिद्र आहे. संडासाचा खड्डा आणि विहीर यांत निदान 30 मीटर अंतर हवं, आणि खड्डा विहिरीच्या खालच्या अंगाला. पण खोपीपासून संडास 50 मीटरपेक्षा लांब नको. आतून कडी आणि वाटेवर दिवा नसेल तर बायका अंधार पडल्यावर पाणीच पीत नाहीत, हे पुरुषांच्या कमिटीला सुचत नाही. कमिटीत दोन बायका घ्या.

ट्रक हायवेवरच रिकामा झाला

हा भाग खास मुंबईच्या ग्रामस्थ मंडळांसाठी. तुमची कळकळ खरी, ट्रकही भरभरून येतो, पण तो डांबरी रस्त्याला लागून असलेल्या वाडीत रिकामा होतो. मग दुसरा येतो, तोही तिथेच. वरच्या धनगरवाड्यावर, पाखाडीने (दगडी पायवाटेने) अर्धा तास चढून जावं लागतं तिथे, काहीच पोहोचत नाही. एका वाडीत तांदळाला किडे लागतात आणि दुसरीकडे उपास.

निघण्याआधी फोन करा. जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 आहे, ग्रामपंचायत आहे, पोलीस पाटील आहे. वाडीवार यादी मागा: किती घरं, किती लहान मुलं, कोण अंथरुणाला खिळलेलं. अंगणवाडी सेविकेकडे ही माहिती बहुतेक वेळा सगळ्यांत ताजी असते. घाटाचीही चौकशी करा. कोयनेच्या बाजूला भूकंप झाला तर कुंभार्ली घाटावर दरड येणं अगदी शक्य आहे, तेव्हा दुसरी वाट ठरलेली हवी.

जुने कपडे पाठवू नका. 2004 च्या त्सुनामीनंतर नागपट्टिणमच्या रस्त्यांवर टाकून दिलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग पडले होते. आपल्याकडे ते पावसात भिजून आणखी एक कचरा होतो. पाठवायचंच तर जाड ताडपत्री, जीआय तार, जे-हुक, पक्कड, नायलॉनची दोरी, सॅनिटरी पॅड, चार्जिंगचे दिवे आणि नवे आतले कपडे. किंवा सरळ पैसे, म्हणजे गावाजवळच्या दुकानदाराचाही धंदा उभा राहतो.

खोल्या वाटताना चिठ्ठ्या टाकू नका. कोबेत सोडतीने घरं दिली, शेजार तुटला, आणि एकटे पडलेले म्हातारे बंद दाराआड मरून गेल्याचं दिवसांनी कळलं. वाडीची माणसं एका ओळीत राहू द्या. पहाटे आजीचं दार उघडलं नाही हे शेजारणीलाच आधी कळतं.

पहिली सर आली आणि लोक घरात परतले

ताडपत्री गळायला लागली की माणूस भेगाळलेल्या घरात जातो. घर उभं दिसतं, कौलं शाबूत असतात. पण चिऱ्याच्या भिंतीला कोपऱ्यात उभी भेग असेल, भिंत बाहेर झुकली असेल किंवा वासा भिंतीवरून सरकला असेल, तर पुढचा लहानसा हादराही पुरतो. कोयना परिसरात 1967 नंतर वर्षानुवर्षं हादरे बसत राहिले आहेत. अभियंत्याने पाहून होईपर्यंत दारावर लाल रंगाची खूण करा. भांडी-कागदपत्रं काढायची असतील तर एकाने आत, एकाने बाहेर, दिवसाउजेडी. खरा उपाय मात्र गळती थांबवणं हाच. ताडपत्री धड असेल तर कुणी हौसेने आत जात नाही.

कागद नंतर बघू

ढिगारा उपसण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा, पंचनामा होऊ द्या. कुलूपबंद घरांचे मालक मुंबईत असतात आणि पंचनामा त्यांच्या गैरहजेरीत राहून जातो. भावकीतल्या कुणाला तरी लेखी अधिकार देऊन ठेवा.

वसाहतीसाठी कुणी जागा दिली तर नुसत्या शब्दावर जाऊ नका. आपल्याकडे एकेका सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावं असतात. गावातला काका हो म्हणतो, गणपतीला आलेला पुतण्या हरकत घेतो. ग्रामसभेत ठराव करा, जितक्या सहहिस्सेदारांच्या मिळतील तितक्या सह्या घ्या, मुदत लिहा, वीजबिल कोण भरणार ते लिहा, आणि शेड उतरल्यावर पत्रे कुणाचे हेही त्याच कागदावर.