एडिटिंगचा प्रोजेक्ट कॉम्प्युटरमध्ये नेमका कुठे जाऊन बसतो?

वैशाखात एकाच तिथीला तीन-तीन लग्नांचं शूटिंग येतं, आणि जळगाव-धुळ्याच्या स्टुडिओंमध्ये नेमका त्याच धांदलीत कुणाचा तरी प्रोजेक्ट ‘गायब’ होतो. बहुतेक वेळा तो कुठेही गेलेला नसतो. सॉफ्टवेअरने पहिल्या दिवशी जिथे ठेवला तिथेच असतो, आपण मात्र तो फुटेजच्या फोल्डरमध्ये शोधत बसतो.

आधी एक घोळ मिटवू. प्रोजेक्ट फाइलमध्ये व्हिडिओ नसतो. हळद, मांडव आणि वरात मिळून 300 जीबी फुटेज असलं तरी प्रोजेक्टची फाइल काही एमबींचीच निघते. कोणती क्लिप कोणत्या ड्राइव्हवर आहे, कुठून कुठपर्यंत कापली, खाली कोणतं गाणं लावलं, कलर काय दिला, एवढ्याच नोंदी तिच्यात असतात. म्हणून नुसती प्रोजेक्ट फाइल पेनड्राइव्हवर टाकून पारोळ्याहून अमळनेरला पाठवली, तर समोरच्याला टाइमलाइन, म्हणजे क्लिपा क्रमाने लावलेली पट्टी, दिसेल, पण प्रत्येक क्लिपच्या जागी लाल ‘मीडिया ऑफलाइन’. तिसरी गोष्ट म्हणजे कॅश: प्ले करताना अडकू नये म्हणून सॉफ्टवेअरने स्वतःपुरत्या बनवलेल्या फाइली. त्या उडवल्या तरी पुन्हा तयार होतात. प्रोजेक्ट आणि फुटेज तसं होत नाही.

सॉफ्टवेअर उघडत असेल तर शोधाशोध करूच नका. प्रोजेक्ट उघडा, फाइल मेनूतून ‘सेव्ह अॅज’ दाबा. जी खिडकी उघडते तिच्या वरच्या पट्टीत सध्याचा फोल्डर दिसतो. तो वाचा आणि कॅन्सल करा. प्रीमियर, एडियस, फिल्मोरा, केडेनलाइव्ह, सगळीकडे ही युक्ती चालते. डाविंची रिझॉल्व्हमध्ये मात्र चालत नाही, त्याचं पुढे येतंच.

सॉफ्टवेअर उघडतच नसेल तर विंडोजचा सर्च. विंडोज आणि ई ही बटणं एकत्र दाबा, ‘धिस पीसी’वर जा, आणि कोपऱ्यातल्या सर्चमध्ये चांदणी (*), टिंब आणि त्यापुढे एक्स्टेन्शन, म्हणजे फाइलच्या नावात टिंबानंतर येणारी अक्षरं, इंग्रजीत टाका. प्रीमियरचं एक्स्टेन्शन पी-आर-पी-आर-ओ-जे, एडियसचं ई-झेड-पी, फिल्मोराचं डब्ल्यू-एफ-पी, शॉटकटचं एम-एल-टी, व्हेगासचं व्ही-ई-जी. केडेनलाइव्हचं त्याच्याच नावाचं. यादी आली की ‘डेट मॉडिफाइड’वर क्लिक करून ताजी फाइल वर आणा. फाइलच्या नावापुढे एक्स्टेन्शन दिसत नसेल तर व्ह्यू मेनूतल्या ‘शो’मध्ये जाऊन ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर टिक करा. तिथेच ‘हिडन आयटम्स’वरही टिक करून ठेवा, कारण अॅपडेटा नावाचा फोल्डर विंडोज लपवून ठेवतं आणि निम्मा माल त्यातच असतो.

सर्चमध्ये फाइल डॉक्युमेंट्समध्ये दिसते पण तिथे जाऊन पाहिलं तर नाही, असं झालं तर वनड्राइव्ह तपासा. नवीन लॅपटॉपमध्ये डॉक्युमेंट्स फोल्डर बऱ्याचदा वनड्राइव्हच्या आत हलवलेला असतो. फुकटची जागा 5 जीबीच. ती भरली की सिंक थांबतं, मग एका मशीनवरचा प्रोजेक्ट दुसऱ्यावर जुनाच दिसतो. एडिटिंगचं काम वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये ठेवूच नये, हे आमचं स्पष्ट मत.

प्रीमियरमध्ये जागा बदलली नाही तर प्रोजेक्ट डॉक्युमेंट्स, मग अडोबी, मग प्रीमियर प्रो आणि व्हर्जनचा नंबर, अशा वाटेने सापडतो. प्रोजेक्ट जिथे आहे तिथेच शेजारी ‘ऑटो-सेव्ह’ नावाचा फोल्डर असतो. लाइट गेली, मशीन बंद पडलं आणि मूळ फाइल उघडेना, तर याच फोल्डरात जा. फाइलींच्या नावात तारीख आणि वेळ असते. सगळ्यांत ताजी उघडा, पण उघडल्या उघडल्या ‘सेव्ह अॅज’ करून ती मूळ फोल्डरमध्ये नव्या नावाने ठेवा. नाहीतर पुढचं काम ऑटो-सेव्हच्या फोल्डरातच चालू राहतं, तिथे आणखी एक ऑटो-सेव्ह तयार होतो, आणि दोन दिवसांनी खरी फाइल कोणती हे कुणालाच सांगता येत नाही. ताजी फाइलही उघडली नाही तर नवा रिकामा प्रोजेक्ट घ्या आणि जुना प्रोजेक्ट त्यात इम्पोर्ट करा. बिघडलेला प्रोजेक्ट या वाटेने अनेकदा वाचतो. प्रेफरन्सेसमध्ये ऑटो सेव्ह दर 5 मिनिटांवर ठेवलेला बरा.

प्रीमियरची कॅश वेगळ्या जागी असते: सी ड्राइव्ह, युजर्स, तुमचं युजरनेम, अॅपडेटा, रोमिंग, अडोबी, कॉमन. सी ड्राइव्ह भरून लाल झाला की पहिला संशय इथेच घ्यावा. पण फोल्डरला हाताने हात लावू नका, प्रेफरन्सेसमधल्या ‘मीडिया कॅश’मधून डिलीट करा.

लग्नाच्या कामाला आपल्याकडे एडियस भरपूर चालतं, आणि या बाबतीत ते सगळ्यांत सरळ. प्रोजेक्ट बनवताना दिलेल्या नावाचा फोल्डर तयार होतो, त्यातच ई-झेड-पी फाइल, त्यातच बॅकअपचे, ऑटोसेव्हचे आणि रेंडर केलेल्या तुकड्यांचे फोल्डर. प्रोजेक्ट हलवायचा तर तो अख्खा फोल्डर हलवा. फक्त पहिल्यांदा सेटअप करताना प्रोजेक्टची जागा सी ड्राइव्हवर राहू देऊ नका.

रिझॉल्व्हपाशी मात्र भलेभले अडकतात. त्याच्या प्रोजेक्टची फाइल डेस्कटॉपवर ठेवून डबल क्लिक करावी असा प्रकारच नाही. सगळे प्रोजेक्ट एका लायब्ररीत असतात. जुन्या व्हर्जनमध्ये तिला डेटाबेस म्हणायचे. विंडोजवर ती साधारणपणे इथे असते: सी ड्राइव्ह, युजर्स, युजरनेम, अॅपडेटा, रोमिंग, ब्लॅकमॅजिक डिझाइन, डाविंची रिझॉल्व्ह, सपोर्ट, रिझॉल्व्ह प्रोजेक्ट लायब्ररी. आत रिझॉल्व्ह प्रोजेक्ट्स, युजर्स, गेस्ट, प्रोजेक्ट्स असं उतरत गेलं की प्रत्येक प्रोजेक्टच्या नावाचा फोल्डर, आणि त्यात ‘प्रोजेक्ट डॉट डीबी’ नावाची फाइल. सगळ्या फोल्डरांत फाइलीचं नाव तेच! ती फाइल एकटी उचलून दुसऱ्या मशीनवर नेण्यात अर्थ नाही. प्रोजेक्ट मॅनेजर उघडा, प्रोजेक्टवर राइट क्लिक करा आणि ‘एक्स्पोर्ट प्रोजेक्ट’ निवडा. डी-आर-पी एक्स्टेन्शनची फाइल मिळते, ती कुठेही ठेवता येते. फुटेजसकट द्यायचं असेल तर ‘एक्स्पोर्ट प्रोजेक्ट आर्काइव्ह’. प्रेफरन्सेसच्या युजर भागात, ‘प्रोजेक्ट सेव्ह अँड लोड’मध्ये लाइव्ह सेव्ह आणि प्रोजेक्ट बॅकअप्स दोन्ही चालू करा. बॅकअपची जागाही तिथेच दिसते. ती दुसऱ्या ड्राइव्हवर वळवा.

हे एवढं का सांगायचं, तर फॉरमॅटमुळे. मशीन स्लो झालं की लोक सीपीयू दुकानात नेऊन फॉरमॅट मारून आणतात. ‘डेटा डी ड्राइव्हवर आहे, काळजी नाही’ असं म्हणून निर्धास्त राहतात. फुटेज खरंच डी वर असतं. पण रिझॉल्व्हचे सगळे प्रोजेक्ट आणि प्रीमियरचा डॉक्युमेंट्समधला माल सी वर असतो, तो साफ जातो. फॉरमॅटला देण्याआधी रिझॉल्व्हच्या प्रोजेक्ट मॅनेजरमधून अख्ख्या लायब्ररीचा बॅकअप घ्या, आणि डॉक्युमेंट्ससोबत अॅपडेटातला रोमिंगही कॉपी करून ठेवा.

मॅकवर फायनल कट असेल तर मूव्हीज फोल्डरमध्ये लायब्ररी एकाच फाइलीसारखी दिसते. ती खरं तर फोल्डर आहे. राइट क्लिक करून ‘शो पॅकेज कन्टेन्ट्स’ केलं की आतलं दिसतं, पण बघून बंद करा, आत काही हलवू नका. बॅकअप मूव्हीजमध्येच ‘फायनल कट बॅकअप्स’ नावाने असतात.

प्रोजेक्ट सापडला, उघडला, आणि तरी सगळं लाल दिसतंय? बहुधा ड्राइव्हचं अक्षर बदललंय. काल जी हार्ड डिस्क ई होती ती आज आधी पेनड्राइव्ह लावल्यामुळे एफ झाली. प्रत्येक क्लिप नव्याने जोडत बसू नका. स्टार्टवर राइट क्लिक, डिस्क मॅनेजमेंट, त्या डिस्कवर राइट क्लिक करून ‘चेंज ड्राइव्ह लेटर’, आणि जुनं अक्षर परत द्या. प्रोजेक्ट बंद करून उघडला की सगळं जागेवर.

एक फसवा प्रकार दोन कॅमेऱ्यांच्या कामात होतो. सोनीच्या अनेक कॅमेऱ्यांत क्लिपचं नाव सी-0001 पासून सुरू होतं. दोन्ही कॅमेऱ्यांच्या क्लिपांना तीच नावं, आणि रिलिंक करताना, म्हणजे तुटलेल्या क्लिपा पुन्हा जोडताना, चुकीचा फोल्डर दाखवला की मंगलाष्टकांच्या जागी पंगत येते. सॉफ्टवेअर तक्रार करत नाही, कारण नाव जुळलेलं असतं. कार्ड खाली करतानाच ‘कॅम-1’, ‘कॅम-2’ असे वेगळे फोल्डर करा, आणि प्रत्येकात कार्ड जसंच्या तसं टाका. आतल्या क्लिपा वेचून घेऊ नका.

पुढच्या कामापासून एका लग्नाला एकच मुख्य फोल्डर, सी सोडून दुसऱ्या ड्राइव्हवर. नाव वर्ष-महिना-दिवस आणि गाव, जसं 2025-05-11-शिरपूर, इंग्रजी अक्षरांत. मराठी नावं बहुतेक ठिकाणी चालतात, पण जुन्या प्लगइनला कधीकधी पचत नाहीत. आत फुटेज, ऑडिओ, प्रोजेक्ट आणि एक्स्पोर्ट हे चार फोल्डर. फोल्डरात फोल्डर घालत फार खोल जाऊ नका, कारण विंडोजमध्ये पूर्ण पत्ता 260 अक्षरांपलीकडे गेला की कॉपी अडते.

काम दुसऱ्याला द्यायचं तर प्रीमियरमध्ये फाइल मेनूतलं ‘प्रोजेक्ट मॅनेजर’ वापरा. त्यातला ‘कलेक्ट फाइल्स’ पर्याय वापरलेल्या सगळ्या क्लिपा एका जागी आणून देतो. समोरच्याचं व्हर्जन आधी विचारा, कारण नव्या व्हर्जनमध्ये सेव्ह केलेला प्रोजेक्ट जुन्यात उघडत नाही. आणि ज्या डिस्कवर देणार ती एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेली असू द्या. फॅट32 वर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, आणि लांबलेल्या वरातीची एक क्लिपसुद्धा त्याहून मोठी भरते.