जुने टिफ स्कॅन ई-रीडरवर वाचायचे असतील तर

घरातल्या जुन्या दिवाळी अंकांचे स्कॅन टिफ या चित्र-फाइलींमध्ये पडून असतील, तर ओसीआरच्या (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करण्याच्या) फंदात लगेच पडू नका. जुन्या छपाईतली जोडाक्षरं दुरुस्त करता करता जीव जातो. पानं चित्रं म्हणूनच ठेवा.

इरफानव्ह्यू या चित्रं बघायच्या प्रोग्रॅममध्ये बी दाबलं की बॅच कन्व्हर्जनची (एकदम अनेक फायली बदलण्याची) खिडकी उघडते. सगळी पानं जेपीजी करा, ग्रेस्केल (करड्या छटांची) करा आणि उंची १४४८ पिक्सेलवर आणा. सहा इंची, ३०० पीपीआय (इंचाला ३०० पिक्सेल) पडदा १०७२ × १४४८ चाच असतो, त्याहून मोठी चित्रं नुसती जागा खातात. त्याआधी कडेचा कोरा समास कापलात तर अक्षर चांगलंच मोठं दिसतं.

फायलींना ००१, ००२ अशीच नावं द्या. मी नुसते १, २ दिले होते; पान १ नंतर थेट १० उघडलं आणि कथेचा पार बट्ट्याबोळ!

मग सगळ्या फायली झिप करून .झिपच्या जागी .सीबीझेड (चित्रकथांच्या फायलींचा प्रकार) लिहा. कोबो ई-रीडर ही फाइल तशीच उघडतो. किंडल उघडत नाही. त्यासाठी किंडल कॉमिक कन्व्हर्टर हा मोफत प्रोग्रॅम वापरा. जोडपानं तो आपणहून दुभागतो.

मूळ टिफ मात्र पुसू नका.