थिनरचे ड्रम आणि नागपूरचा मे

नागपूरजवळच्या हिंगण्याहून रायपूरला रंगाच्या थिनरचे बारा ड्रम पाठवले आणि गाडी वाटेतच अडली. दोन ड्रमांच्या बुचांतून थिनर झिरपत होतं, कागदी लेबलं विरघळलेली. बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, फक्त ‘केमिकल’. ड्रायव्हर फोनवर म्हणाला, "भाऊ, आत काय आहे ते मले काऊन नाही सांगितलं?" बरोबरच होतं त्याचं. माल पाठवणाऱ्यानेच ते सांगायचं, असं १९८९चे मोटार वाहन नियम सांगतात.

गळती माझ्याच हावरटपणाची. सकाळच्या गारव्यात ड्रम काठोकाठ भरले, दुपारी पारा ४५ला. वीस अंशांनी तापलं की २०० लिटर थिनर साधारण चार लिटरने फुगतं, जाणार कुठे? आता वर दहा लिटरची जागा सोडतो, बुचाला नवं वायसर लावतो, ड्रम उभेच ठेवतो.

लेबल विनाइलचं: ज्वालेचं लाल चौकोनी चिन्ह, खाली ३, म्हणजे पेट घेणारा द्रव, शेजारी यूएन १२६३, हा रंग-थिनरचा आंतरराष्ट्रीय क्रमांक. बिल्टीवरही तेच. अपघात झाल्यास काय करायचं ते सांगणारं ट्रेम कार्ड हिंदीत, केबिनमध्ये. आणि लायसन्सवर धोकादायक मालाची नोंद असलेलाच ड्रायव्हर. भाडं थोडं जास्त पडतं, पडू दे.

पुढची खेप भर उन्हात गेली. बुचं कोरडी होती.